बापूंचं पहिलं वाक्य

बापूंनी सगळ्यात आधी सांगितलेलं वाक्य मी कापलं आणि सगळ्यात शेवटी चिकटवलं. माझी चूक एवढीच. मोबाईलवर, अंगठ्याने, चहा पीत पीत केली आणि केल्यावर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

बापू म्हणजे आमच्या गावचे पोस्टमन. गाव मलकापूरच्या पलीकडे, उसात बुडालेलं, घरटी एक पोरगा फौजेत. बापूंनी तिथे उभी हयात टपाल वाटलं, आणि वाटण्यापेक्षा जास्त वाचलं. कारण पत्रं ज्यांना यायची त्या आयांना अक्षरओळख नव्हती. बापूंची वाचण्याची एक तऱ्हा होती. पत्र फोडलं की ते आधी एकटेच, ओठ न हलवता, तळापर्यंत वाचून काढत. समोर म्हातारी पदराचं टोक मुठीत धरून उभी. मग मान वर करून एकच सांगत, "खुशाल हाय." त्यानंतर पाट मागून घेत, तांब्याभर पाणी पीत, चष्मा पुसत आणि मग वरच्या 'तीर्थरूप'पासून सावकाश सुरुवात करत.

"शेवट आदी सांगायचा," ते म्हणत. "मान्साचा जीव खाली बसला, की मग कान उगडत्यात."

पत्रात खुशाली नसली तर ते पाणी घेत नसत. वाईट बातमी आणली, की त्या घरचा घोट घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. बापू दारात उभे आहेत आणि पाण्याचा तांब्या नको म्हणतायत, एवढं दिसलं की बायका उंबऱ्यावरच बसकण मारत. पत्र वाचायची गरज उरत नसे.

सवय इतकी हाडात मुरली होती, की बापू साधं बोलतानासुद्धा मागून पुढे येत. "म्हस सापडली. काल हरवली हुती." "मी पडलो न्हाई. आता कसा पडत हुतो ते ऐक." पारावर पोरं टिंगल करत, "बापू, तुमच्या गोष्टीत राम न्हाई, पयल्यांदाच रावण मारताय." बापू म्हणत, "आरं, मेलाय म्हाईत आस्लं तरच त्याची धा तोंडं निवांत मोजता येत्यात."

आता माझा धंदा ऐका. मी सांगलीत, विश्रामबागेत दोन खोल्या घेऊन राहतो आणि लोकांना रील करून देतो. साडीचं दुकान, हळदीचे अडते, ऊसतोडणीचं यंत्र, कुणाच्या पोरीचा साखरपुडा, काहीही. शिवाय माझं स्वतःचं एक पान आहे, त्यावर गावाकडच्या माणसांच्या गोष्टी टाकतो. दीड मिनिटाची गोष्ट आठवडाभर कशी पुरवायची, याचं शिक्षण मी एका कार्यशाळेत घेतलंय. शिकवणारा पोरगा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होता. पहिल्या तीन सेकंदांत गळ टाकायचा, माणूस अडकला की दोरी सैल सोडायची, आणि घास तोंडाशी आला की भाग संपवायचा. मी वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. शाळेत इतक्या मनापासून लिहिलं असतं तर आज कुठल्यातरी कचेरीत पंख्याखाली बसलो असतो आणि बापू सुखात राहिले असते.

गेल्या वर्षी दसऱ्याला गावी गेलो होतो. बापूंनी मला ओसरीवर बोलावून घेतलं. आधी शेवट: "सुमीला सांगायचंय." मग सुरुवात.

सुमन म्हणजे आमच्या गावच्या आण्णांची मुलगी. दिली सांगलीतच. तिचा भाऊ विलास फौजेत होता, तो बर्फात गेला. तेव्हापासून दर भाऊबीजेला ती गावी येऊन बापूंना ओवाळायची. कारण विलासची तार घेऊन थेट तिच्या सासरी आलेला हा माणूस दारातच तिच्याबरोबर रडला होता. तिच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तार आली, असं ती समजून होती. सगळं गावच समजून होतं.

तार आली होती लग्नाच्या दिवशी, सकाळी. बापू ती घेऊन मांडवाच्या दाराशी गेले. आण्णा स्वतः जुने फौजी. त्यांनी बापूंचं तोंड बघितलं आणि हात पुढे केला. वाचली, घडी घातली, परत बापूंच्या खिशात घातली आणि म्हणाले, "बापू, ही तार उद्या आलीया." मग म्हणाले, "पंगतीला बस. तू न्हाई जेवलास तर बायका वळकतील." ज्या माणसाने अशा घरी कधी पाण्याचा घोट घेतला नव्हता, तो खिशात तार घेऊन पंगतीत बसला आणि बुंदी जेवला. पोरीची पाठवणी झाली. दुसऱ्या दिवशी तार 'आली'. आण्णांनी शपथ घातली: मी आहे तोवर सुमीला कळता कामा नये, ती जन्मभर स्वतःच्या लग्नाला कोसत बसेल. बापूंनी ती पाळली. पुढे आण्णा म्हातारे होऊन वारले, आणि शपथ संपली.

"ती मला भाऊ म्हनून ओवाळती आन् मी तिच्यापास्नं दडवून बसलोय," बापू म्हणाले. "तोंडानं सांगवत न्हाई रं. तू तिच्या मोबाईलवर घाल."

मी म्हटलं, "बापू, माझ्या पानावर टाकतो. सगळं गाव ऐकेल." त्यांनी जरा विचार केला. "ऐकू दे. पर सगळं एकदम घाल. मधी तोडू नगंस."

"नाही तोडत," मी म्हणालो.

कॅमेरा सुरू केला. बापू धुतलेला सदरा घालून बसले होते. घसा साफ केला आणि म्हणाले, "सुमे, आदी हे ऐक. मी जे केलं ते तुज्या बाच्या सांगन्यावरनं केलं. आता सांगतो." आणि मग अकरा मिनिटं बोलले. एकदाही अडखळले नाहीत.

विश्रामबागेत परत येऊन मी ते चारदा बघितलं. पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आलं. चौथ्यांदा कात्री दिसायला लागली. अकरा मिनिटं कोण थांबतो? सात भाग पडत होते. पण अडचण एकच, म्हाताऱ्याने पहिल्याच वाक्यात सगळं फोडून ठेवलं होतं. आण्णांनी सांगितलं म्हणून केलं, हे आधीच कळलं तर पुढचा भाग बघायला कुत्रं येणार नाही. मी ते वाक्य उचललं आणि सातव्या भागाच्या शेवटी नेऊन ठेवलं. मांडवाच्या दारातले आण्णा सहाव्यात ढकलले. तिसरा भाग तोडला तो असा: "खिशात पोराची तार, आन् मी बुंदीचा दुसरा घास घेतला." काळा पडदा. पुढे काय झालं? वाट पाहा.

लोकांनी पाहिली. तिसरा भाग असा उधळला, की माझा फोन गरम झाला. खाली लोक लिहीत होते: हा माणूस आहे का कोण? याची पेन्शन बंद करा. प्रेतावरचं खाणारा. मी वाचत होतो आणि खरं सांगतो, खुशीत होतो. मनात म्हणत होतो, शिव्या देताय ना, द्या. सातव्या भागाला हेच रडतील. आणि त्या खुशीत एक अक्कल सुचली: चौथा भाग आठ दिवस थांबवायचा. तहान लागू दे लोकांना.

त्या आठ दिवसांत भाऊबीज होती. ती माझ्या ध्यानातच नव्हती. मला सख्खी बहीण आहे, तिने मला ओवाळलंसुद्धा. मी पाटावर बसून एका हाताने आकडे बघत होतो.

दिवेलागणीला बापूंचा फोन आला. त्यांच्याकडे बटणांचा फोन, त्यामुळे त्यांनी काहीच बघितलं नव्हतं.

"सुमी आली न्हाई," ते म्हणाले. "कधी चुकत न्हाई. तिला पोचलं का न्हाई ते? तू घातलंस न्हवं?"

"घातलंय, बापू."

"समदं?"

मी म्हणालो, "चाललंय."

"मग रागावली आसंल," ते म्हणाले. "दडवलं म्हनून रागावली आसंल. व्हय, रागावनारच की," आणि फोन ठेवला. आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्यात, त्यातल्या बऱ्याचशा रंगवून सांगण्यासारख्या आहेत. 'चाललंय' ही एक अशी आहे, की ती लिहितानासुद्धा मी दोनदा उठून खिडकीपर्यंत जाऊन आलो.

सकाळी गाडी काढून गावी गेलो. बापूंच्या सुनेने, वैशालीवहिनीने, दारातच सांगितलं, की काल ते दुपारपासून नवा सदरा घालून बसले होते. पाट मांडलेला. शेवटची गाडी गेल्यावर त्यांनी स्वतःच पाट उचलून भिंतीला लावला. जेवले नाहीत.

मी त्यांना तीनही भाग दाखवले. त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला आणि पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "माजं पयलं वाक्य कुटं हाय?"

"ते शेवटी ठेवलंय. सातव्या भागात."

"सातवा कवा?"

"अजून... आठ-दहा दिवसांनी."

"तवर तिनं काय करायचं?"

मी त्यांच्या हातातून फोन घेतला.

मी पूर्ण अकरा मिनिटं तिथूनच टाकायला घेतली. गावात नेट धड नाही. पाण्याच्या टाकीवर चढलो, तर ते गोल चाक फिरतंय, फिरतंय आणि जागचं हलत नाही. खाली बापू उभे. एरवी टाकीवर चढणाऱ्या पोरांवर ओरडणारा माणूस, पण आज त्यांनी शिडी धरली होती. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आमची सायकल ह्याच्याफुडं गेली आस्ती."

अकरा मिनिटं एकदाची वर चढल्यावर मी खाली उतरलो आणि त्यांचे पाय धरले. मला वाटलं होतं, शिव्या देतील. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बापू म्हणाले, "तुजं काम देखनं हाय, गड्या. पर तुला पोस्टात घेतलं नस्तं." आणि वहिनीला म्हणाले, "ह्याला च्या दे."

सुमनताई चौथ्या दिवशी आली. मी तिथे नव्हतो, वहिनीने सांगितलं ते सांगतो. ती येऊन ओसरीवर बसली. मग तिने एकच विचारलं, "आवं बापू, बा रडला का तवा?"

"न्हाई," बापू म्हणाले. "मांडवाची दोरी आवळत बसला. घट्टच हुती, तरी सोडायचा आन् परत आवळायचा. पाठवनी हुस्तवर तेच."

ती हसली आणि मग जी रडली, ती दिवस मावळेपर्यंत. जाताना म्हणाली, "बीज तर गेली, बापू. फुडल्या साली दोनदा ओवाळते."

चैत्रात बापू गेले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. चुकलेली ती भाऊबीज शेवटची होती, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

माझं पान अजून चालू आहे. ते अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग त्यावर सलग ठेवलंय. तिसरा भाग मी काढून टाकला, पण तो कुणीकुणी उचलून आपापल्या पानावर टाकलाय. अजून मधेच कुठूनतरी माझ्या फोनवर उगवतो: बापू बुंदीचा घास घेतात, पडदा काळा होतो, खाली नव्या शिव्या. मी प्रत्येकाला लिहितो, पुढचं ऐका, पुढचं ऐका. ऐकायला कुणी थांबत नाही. पुढचं हाती लागू नये अशाच बेताने तो तोडला होता.

सुमनताईचं घर माझ्या खोलीपासून दुचाकीने दहा मिनिटांवर आहे. ती दहा मिनिटं जायला मला आषाढ उजाडला. गेलो तेव्हा ती दारात तांदूळ निवडत होती. बस म्हणाली. मी उभाच राहिलो. गाडीवर सगळं जुळवून आणलं होतं: आधी धंद्याचं, मग कार्यशाळेचं, मग माझ्या मनात वाईट काही नव्हतं ते, आणि अगदी शेवटी माफी.

"ताई, त्याचं काय झालं," मी सुरुवात केली, "की तुम्हाला ठाऊक असेल, आमच्या या लायनीत आधी लोकांना..."

तिने सुपातला खडा उचलून बाहेर टाकला आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "तुज्या माफीचं किती भाग हायत रं?"