वर बघणारी कोंबडी

खांडबाऱ्याच्या बाजारात ती बाई कोंबड्या विकायला बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

म्हातारपणी मी कोंबड्या पाळायला घेतल्या, कोणाचं न ऐकता. नवापूरहून पोल्ट्रीची आठ पांढरी पिल्लं आणली आणि अंगणात मोकळी सोडली. पाच घारीने उचलली. सून म्हणे, "आबा, घारसाठे खानावळ काढी का?"

म्हणून घार पिल्लं उचलते असं सांगून मी त्या बाईकडे तरणी गावठी कोंबडी मागितली. तिने पाय बांधलेल्या कोंबड्यांवरून आपला हात सावकाश फिरवला, सावली पडेल असा. तरण्या दाणे टिपत राहिल्या. एका म्हातारीने मान वाकडी करून एक डोळा वर लावला. बाईने तीच माझ्यापुढे केली.

"हाई अंडं देत नही, बाबा. पन वर देखस."

मला राग आला. पण दुसरी द्यायला ती तयारच होईना, म्हणून घेतली.

चौथ्या दिवशी घार आली. म्हातारी लांब सूर काढून ओरडली आणि पिल्लं तिच्यामागे बैलगाडीखाली शिरली. घार रिकामी गेली.

पुढच्या बाजारी बाईने विचारलं, "कितला पिल्लं राहिनात, बाबा?"

"तीन. तिन्ही," मी म्हटलं. आधी आठ होती, हे काही मी सांगितलं नाही.