चुकाबाईंचा तास

संख्याशास्त्राच्या बाईंना सारं महाविद्यालय पाठीमागे चुकाबाई म्हणायचं, आणि बाईंना ते चांगलं ठाऊक होतं. दर तासाला त्या फळ्यावर मुद्दाम एक चूक करायच्या, खडू ठेवायच्या आणि हाताची घडी घालून उभ्या राहायच्या. चूक मुलांनीच शोधायची; तोवर पुढचं अक्षर नाही. कधी अर्धा तास जाई. मुलं चुळबुळत, वाद घालत, एकमेकांच्या वहीत डोकावत. मग कुणीतरी चाचरत तोंड उघडे आणि बाईंची कळी खुले.

पुढे विद्यापीठाच्या अंगात कार्यक्षमता संचारली. बाईंचे तास एकदाच चित्रित करायचे आणि सगळ्या महाविद्यालयांत तेच दाखवायचे, असं ठरलं. बाईंनी नाक मुरडलं, पण कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. जित्याची खोड, ती जाते कुठे? जाताना ताशी चाळीस, येताना त्याच रस्त्यानं ताशी साठ, म्हणून सरासरी वेग पन्नास, असं लिहून त्या गप्प झाल्या. शेवटी 'शोधा चूक' एवढंच म्हणाल्या. संकलन करणाऱ्याला वाटलं, बाई अडखळल्या. त्या बिचाऱ्यानं शांतता कापली, शेवटचे दोन शब्दही कापले. परीक्षेत गावोगावच्या मुलांनी पन्नास लिहिलं. बाईंच्या स्वतःच्या वर्गानं तेवढं अठ्ठेचाळीस हे बरोबर उत्तर लिहिलं; जाताना वेळ जास्त लागतो, हे त्यांनी तासाला शोधून काढलं होतं.

विद्यापीठातल्या संख्याशास्त्राच्या विभागप्रमुखानं बाईंना बोलावलं. एकेकाळी हा त्यांच्याच वर्गात मागच्या बाकावर बसायचा. चूक दुरुस्त करून तो तास पुन्हा चित्रित करायचा, असं त्यानं सांगितलं. मग घसा साफ करून म्हणाला, की पुढच्या वर्षापासून बाईंचा वर्गही बंद. त्यांच्या मुलांनीही पडद्यावरच शिकायचं. एका तासाचं काम वीस मिनिटांत भागतंय, मग खोली कशाला अडवायची?

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही लोकांनी कापलेली चाळीस मिनिटं म्हणजेच माझं शिकवणं. बाकीचं पुस्तकात आहे."

तो म्हणाला, नोकरी करून शिकणाऱ्या, लांब राहणाऱ्या मुलांचाही विचार करा. हे बाईंना पटलं. त्या मुलांना शिकवायला त्या एका पायावर तयार होत्या. मात्र त्यांनाही विचार करायला वेळ मिळाला पाहिजे, आणि स्वतःचा वर्ग त्या सोडणार नव्हत्या.

चित्रीकरणाला विभागप्रमुख जातीनं हजर राहिला. बाईंनी नवं उदाहरण घेतलं. एका वर्गाची सरासरी चाळीस गुण, दुसऱ्याची साठ. दोन्ही वर्ग मिळून पन्नास. खडू ठेवला, हाताची घडी घातली.

कॅमेरा चालूच होता. कुणी बोलेना. विभागप्रमुखानं घड्याळ पाहिलं, खाकरला, हातानं 'पुढे चला' अशी खूण केली. बाई ढिम्म. नाइलाजानं तो फळ्याकडे बघत बसला. बघता बघता उठून पुढे सरकला, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटू लागला.

"बाई, दोन्ही वर्गांत मुलं सारखी आहेत का?" त्यानं विचारलं. "नसतील, तर पन्नास कसे?"

"शाबास. हे तू पडद्याला विचारलं असतंस, तर उत्तर कुणी दिलं असतं?"

 तो हळूच म्हणाला, की वर्गाचं काय ते वरच्यांना विचारावं लागेल.

"विचार की," बाईंनी खडू उचलला. "तोवर मी शिकवतेय. बस खाली."

आणि विद्यापीठाचा विभागप्रमुख मुकाट्यानं खाली बसला.