सभापतींचं उघडं डोकं

लोणंदजवळच्या एका सत्कारात फेटे बांधणारे चाचा मी एकदाच पाहिले. शाळेतल्या पोरांच्या खिचडीचा तांदूळ विकल्याचं उघड होऊनही पंचायत समितीचे सभापती खुर्ची सोडत नव्हते. उलट सत्कार घेत होते. चाचा कापडाला पीळ देत, हनुवटीला बोट लावून समोरच्याचं डोकं सरळ करत. सभापतींपुढे मात्र त्यांनी कापडाची घडी घातली.

"आवं चाचा, बांधा की!" कार्यकर्ता ओरडला.

"साहेबांनी आधी राजीनामा द्यावा. मग घरी येऊन बांधतो."

"परत या भागात काम मिळायचं न्हाई!"

"न्हाई तर न्हाई. पोरांच्या घासावर फेटा बसत न्हाई, गड्या."

राजीनामा मागायला मोर्चाच लागतो, असं मी तोवर समजत होतो. चाचा पायऱ्या उतरले. फेटे बांधलेल्यांच्या रांगेत सभापती शेवटपर्यंत उघड्या डोक्याने बसले.