कॅरिअरसकट सायकल

सायकलींच्या देशात सायकल घेऊन निघालेला मी बहुधा पहिलाच म्हातारा असेन. युरोपातल्या ज्या सपाट देशात माझी मुलगी राहते, तिथे मंत्रीसुद्धा सायकलवरून कामाला जातात म्हणे. त्यामुळे आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत बातमी फुटली तेव्हा सगळ्यांनी थट्टेची हौस भागवून घेतली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "अहो, जाताना थोडा बर्फही न्या. तिकडे कमी पडत असेल." मी म्हटलं, "नेला असता, पण वजनात बसत नाही."

वजनात बसणं हाच त्या महिन्यातला माझा उद्योग होता. तेवीस किलोंचे दोन नग आणि हातात एक छोटी बॅग, एवढी विमान कंपनीची परवानगी. सायकल त्या दोनपैकी एक नग म्हणून चालते. फक्त आधी कळवायचं, खोक्यात बांधायची आणि तेवीसच्या आत ठेवायची. कंपनीच्या बाईंनी फोनवर हे मला इतक्या वेळा समजावलं की माझ्या वयाचा त्यांना आवाजावरून अंदाज आला असावा.

सायकल माझ्या बायकोची. हिरवी, लेडीज, मागे लोखंडी कॅरिअर आणि सीटखाली दोन जाड स्प्रिंगा. ती येरवड्याच्या बाजूला महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती आणि निवृत्तीच्या दिवसापर्यंत त्याच सायकलवरून गेली. आळंदी रोड मोकळा होता तेव्हाही, आणि पुढे तिथे रस्ता ओलांडायचा म्हणजे सुट्टी काढावी लागेल अशी गर्दी झाली तेव्हाही. मी स्कूटर घेतली तर म्हणाली, "तुमची स्कूटर तुम्हाला लखलाभ. माझी सायकल सकाळी लाथा खाल्ल्याशिवाय चालू होते."

मुलगीही त्याच शाळेत, आणि दोन वर्षं तर आईच्याच वर्गात. शिक्षकांच्या मुलांना हा जाच ठाऊक असतो. शाळेत आईला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं. बाकीच्या पोरांना वाटायला नको की हिचे लाड होतात. माझ्या बायकोने नियम सोपा करून सांगितला होता: फाटकापर्यंत मी तुझी आई, फाटकाच्या आत बाई. घरी आल्यावर तिला वह्या तपासायच्या असायच्या, स्वयंपाक असायचा, सासूचं दुखणं असायचं. म्हणजे दोघींच्या वाट्याला नुसता एकमेकींचा असा वेळ यायचा तो सायकलवरचा. मुलगी कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसायची. आईच्या कमरेला धरायची मुभा नव्हती, साडीची इस्त्री मोडते म्हणून. त्यामुळे ती सीटखालच्या स्प्रिंगा दोन्ही हातांनी घट्ट धरायची आणि घरापासून फाटकापर्यंत आई, आई करत प्रश्न विचारत राहायची. एकदा फाटकाशी उतरायलाच तयार होईना. "अजून एक चक्कर मार ना, आई." हिने मारली. शाळेची घंटा झाली तरी मारली. मुख्याध्यापकांची बोलणी खाऊन आली आणि संध्याकाळी मला सांगताना हसत होती.

मागच्या वर्षी एका सकाळी चहा गाळता गाळता ही ओट्याशी खाली बसली आणि परत उठली नाही.

तेव्हा मुलीचे बाळंतपणाचे दिवस भरत आले होते. तिच्या डॉक्टरांनी विमानाचं नाव काढायचं नाही असं बजावलं होतं. विहारात हिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला माझा भाचा मोबाईल उंच धरून उभा राहिला. भन्ते त्रिशरण-पंचशील देत होते, आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत हात जोडून बसलो होतो, आणि त्या एवढ्याशा पडद्यावर माझी मुलगी खुर्चीत ताठ बसली होती. ती रडली नाही. नंतरही नाही. रोज फोन करायची आणि कामाचं बोलायची. "बाबा, तिच्या दाखल्याच्या प्रती जास्त काढून ठेवा. तिचं सिमकार्ड बंद करू नका, बँकेचे मेसेज त्यावर येतात. तिची औषधं कुणाला तरी देऊन टाका." तिची, तिचं, तिच्या. आई हा शब्द तिने टाकला होता. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं नाही, आणि आल्यावर मी रोज तो शब्द येतो का म्हणून कान देऊन बसायला लागलो. नातेवाईक म्हणायचे, पोरगी खंबीर आहे. मला तो खंबीरपणा नको होता. मला भीती वाटत होती. शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंनी नवरा गेल्यावर असंच वर्षभर सगळं नीट केलं होतं आणि मग एक दिवस जेवणच सोडलं होतं.

बाळ झालं. नात. व्हिडिओवर मला दाखवली, आणि त्याच बोलण्यात मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही याल तेव्हा तिची सायकल आणता येईल का?"

"तिकडे सायकली मिळत नाहीत का?"

"मिळतात." तिने बाळाचं दुपटं सारखं केलं. "जमत नसेल तर राहू दे."

हे राहू दे मला चांगलं ओळखीचं होतं. तिच्या आईने ज्या ज्या गोष्टींना राहू दे म्हटलं, त्या तिला हव्या असायच्या. मी म्हटलं, आणतो.

आळंदी रोडवरच्या सायकलवाल्याने नव्या सायकली येतात ते पुठ्ठ्याचं खोकं काढून दिलं. पुढचं चाक सोडलं, पायडल काढली, हँडल आडवं फिरवलं, चाकांतली हवा कमी केली. सीट खाली करण्याआधी मी तिच्या उंचीवर चिकटपट्टीची खूण करून घेतली. त्याला त्याचं हसू आलं. मग तो मागच्या चाकाकडे वळला. "काका, हे कॅरिअर आणि स्टँड काढून टाकू. निव्वळ लोखंड आहे. तिकडे ॲल्युमिनियमचं हलकं मिळेल."

त्याचं बरोबर होतं. सगळ्यांचंच तेव्हा बरोबर होतं. त्याने दोन नट ढिले केलेही. मी खोकं धरून उभा होतो आणि कॅरिअर डोळ्यांसमोर आलं. एका कडेचा रंग उडून खालचं लोखंड उघडं पडलं होतं, गुळगुळीत झालं होतं. दुसऱ्या कडेचा रंग मात्र जसाच्या तसा. रोज एकाच बाजूला पाय सोडून बसणाऱ्या पोरीने घासून घासून घालवला होता तो. मी म्हटलं, "ते राहू दे. परत आवळ."

"वजनात नाही बसायचं."

"दुसरं काही काढ."

त्याने चेनकव्हर काढलं, पुढची जाळीची बास्केट काढली. आम्ही खोकं शेजारच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर चढवलं. बावीसच्या थोडं वर भरलं. रद्दीवाल्याने काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "विकायची नाही ना, नक्की?"

निघायच्या आदल्या दिवशी माझी धाकटी बहीण हडपसरहून आली. मी बँकेत गेलो होतो तेवढ्यात तिने काय केलं ते मला मुंबईच्या विमानतळावर कळलं.

पुण्याहून गाडीने गेलो, ढकलगाडीवर खोकं आणि बॅग चढवून काउंटरपर्यंत पोचलो. पट्ट्यावर खोकं ठेवलं तर आकडा पंचवीसच्या पुढे. मी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, तुमचा काटा तपासा, माझ्या रद्दीवाल्याचा चुकत नाही. तिने बिचारीने दुसऱ्या पट्ट्यावर ठेवून दाखवलं. तेच. जादा पैसे भरतो म्हटलं तर त्याचाही उपयोग नव्हता. तेवीसच्या वर गेली की सायकल मोठ्या मालात जाते, आणि त्या विमानात तेवढी जागा उरली नव्हती. मी बाजूला होऊन खोकं उघडलं.

चाकाच्या आऱ्यांमध्ये, सीटखाली, फ्रेमच्या तिन्ही कोपऱ्यांत पुडे. जुन्या टॉवेलात गुंडाळून, सुतळीने बांधून, मूळच्या चिकटपट्टीवर तशीच पट्टी लावून बहिणीने खोकं पुन्हा बंद केलं होतं. मी तिथूनच फोन लावला.

"अरे दादा, एवढी जागा मोकळी जात होती," ती म्हणाली. "आणि ते सायकल म्हणून घेणार ना? मग सायकलच्या वजनात खायच्याचं कोण बघतंय?"

"ते खोक्याचं वजन बघतात गं."

"बाळंतीण आहे ती. डिंकाचे लाडू नकोत? तिची आई असती तर तिनेच नेले असते." मग आवाज खाली आला. "आणि त्यात वहिनीचं काळं तिखट पण आहे. शेवटचं. बरणीत होतं ते सगळं घातलंय. तिला पुन्हा एकदा लागू दे ती चव."

मी फोन ठेवला आणि खोक्याशेजारी जमिनीवर बसलो. तिखटाचा पुडा हातात घेतला. तीन पिशव्यांतून वास येत होता. हिने मागच्या चैत्रात गच्चीवर मिरच्या वाळवल्या होत्या, खोबरं स्वतः भाजलं होतं, मला मदतीला बोलावून मी करतो ते सगळं चुकतंय असं सांगितलं होतं. ते पुन्हा कधीच होणार नव्हतं. माझी बॅग काठोकाठ भरलेली, तिच्यात नातीची झबली, दुपटी, पाळण्याची दोरी. माझे दोन शर्ट काढले तरी काही फरक पडणार नव्हता, हातातल्या छोट्या बॅगेत लाडवांना जागा नव्हती, आणि तिखट तर त्यातून आत सोडतच नाहीत.

काउंटरवरची मुलगी उठून माझ्याजवळ आली होती. "काका, ते मागचं कॅरिअर तेवढं काढा ना. बाकी सगळं जाईल. पाना देते आणून."

खरंच गेलं असतं. लाडू, तिखट, सायकल, सगळं. एक लोखंडाचा तुकडा तेवढा मुंबईत राहिला असता. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. मी दोन्हींकडे पाहत राहिलो, आणि माझ्या बायकोतलं काय मागे ठेवायचं हे मला असं जमिनीवर बसून ठरवायला लागतंय याचा मला भयंकर राग आला. कोणावर ते सांगता येत नाही. माझ्या मुलीने तिखट मागितलं नव्हतं. तिने काहीच मागितलं नव्हतं, कितीतरी महिन्यांत एक सायकल सोडून. मी पुडे काढायला सुरुवात केली.

गाडीचा ड्रायव्हर अजून पार्किंगमध्येच होता. तो दाराशी आला, आणि सुरक्षारक्षकाच्या देखत मी त्याच्या हातात लाडवांचे पुडे आणि तिखट दिलं. हडपसरला नेऊन दे म्हटलं. बहीण त्यानंतर माझ्याशी बरेच दिवस धड बोलली नाही. सायकलला जागा होती, लाडवाला नव्हती, असं ती अजूनही चारचौघांत सांगते.

मुलीच्या घराखाली एक फरसबंद अंगण आहे. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जावयाने आणि मी तिथे खोकं उघडलं. जावई हुशार, त्याने झटपट चाक बसवलं, हँडल सरळ केलं. सीट मी चिकटपट्टीच्या खुणेपर्यंत वर घेतली. नात बाबागाडीत झोपली होती. मुलगी पायऱ्यांवर शाल गुंडाळून बसली होती आणि आम्हाला सूचना देत होती. ब्रेकची तार नीट ओढा. हवा किती भरायची ते टायरवर लिहिलंय. प्रवासात काही वाकलं का ते बघा. सगळं कामाचं. मला वाटलं, संपलं. एक सायकल आणून दिली, झालं.

मी सायकल स्टँडवर लावली. त्या स्टँडचा खाटकन आवाज झाला आणि ती उठून आली.

तिने हँडलला हात लावला नाही. घंटी वाजवली नाही. सायकलला वळसा घालून ती मागे गेली, कॅरिअरच्या त्या रंग उडालेल्या कडेवरून एकदा बोट फिरवलं आणि त्या बाजूला पाय सोडून वर बसली. तेव्हा लोंबकळायचे ते पाय आता जमिनीला टेकत होते. तिने ते उचलून वर धरले. मग पुढे वाकून सीटखालच्या दोन्ही स्प्रिंगा मुठीत घेतल्या आणि समोरच्या रिकाम्या सीटकडे पाहत, अगदी हळू, पुढच्या माणसाला ऐकू जाईल इतपतच, ती म्हणाली, "आई."

मग पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज फुटला आणि ती रडायला लागली. लहानपणी रडायची तशीच, तोंड उघडं टाकून, नाक पुसायचं भान नसलेली. वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली आणि मिटली. जावई पुढे निघाला तर मी त्याचा हात धरला. बाळ जागं झालं, तेही रडायला लागलं, मी त्याला उचलून घेतलं आणि सायकल डगमगू नये म्हणून दुसऱ्या हाताने हँडल धरून उभा राहिलो.

ती किती वेळ बसली होती मला माहीत नाही. तिला उतर म्हणणारं कोणी नव्हतं. शाळेचं फाटक तिथे कुठेच नव्हतं.