मास्तरांचे जोडलेले हात

आमचे मोठे डॉक्टर ऑपरेशन टेबलापाशी हातमोजे चढवलेले हात छातीशी जोडून उभे राहायचे. देवळात उभे असल्यासारखे! नव्वदच्या दशकात जव्हारच्या एका रुग्णालयात मी बाळंतपणाचं शास्त्र शिकायला आले, तेव्हा आम्ही शिकाऊ डॉक्टर त्यांना मास्तर म्हणायचो.

मास्तरांची परीक्षा एकच. सिझेरियन आपण करायचं, त्यांनी नुसतं बघायचं. "हे हात सुटले की तू नापास," असं बजावायचे. पुण्याचं सुवर्णपदक मिरवत आलेली मी! पहिल्याच खेपेला माझा टाका सैल पडला, त्यांचे हात झटकन सुटले आणि पदक गेलं चुलीत. "पोरी, पेपरात रक्त वाहत नाही. इथून नाशिक गाठेस्तोवर बाई हातची जाते," म्हणाले. संध्याकाळी मात्र स्वतः चहा करून पाजला. पुढे कधीतरी त्यांचे हात शेवटपर्यंत जोडलेलेच राहिले, त्या दिवशी मी अक्षरशः नाचले.

एका दुपारी सूर्यमाळ गावची अडलेली बाई आली. सासू दारातच बसली. "डागतर, माजी सून वाचंल ना?"

"वाचंल, माय," म्हणून मास्तर आत आले आणि मला म्हणाले, "आज मी करतो. तू हात जोड."

"मी तुमची परीक्षा घ्यायची? काहीतरीच काय, सर!" मी हसले. ते हसले नाहीत.

बाळ निघालं, टाहो फोडून रडलं. मग टाके घालायची वेळ आली आणि मास्तरांची सुई थरथरली. एकदा हुकली, पुन्हा हुकली. रक्त भरत चाललं. मी हबकलेच! ज्या हातांकडे बघून आम्ही शिकलो, ते हे हात? काही कळायच्या आत माझे हात सुटले होते आणि सुई मी घेतली होती.

बाई वाचली. हात धुताना मास्तर म्हणाले, "निकाल सांग."

"सर, तुम्ही दमला होतात..."

"मी दमलो म्हणून तिचं रक्त थांबतं का? घरी हातातला कप हिंदकळतोय हल्ली. वाटलं, इथे नाही हिंदकळणार. सांग निकाल."

"नापास," मी कसंबसं म्हणाले आणि ढसाढसा रडले.

"शाब्बास," म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर थरथरता हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मास्तर नेहमीसारखे हात जोडून टेबलापाशी उभे होते. मी सुरी उचलली. आता मी चुकले, तरी ते हात सुटणार नव्हते.