बसलेले देव आणि शुक्रवारचं पॉलिश

या प्रकरणाला बरीच वर्षं झाली, पण आठवण निघाली की आजही माझं डोकं फिरतं.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. मी कोल्हापुरात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. नवरात्र सुरू होतं, निम्मं मनुष्यबळ अंबाबाईच्या देवळाच्या बंदोबस्ताला. अशात एका मोठ्या बंगल्यातून फोन आला. देवघरातली चांदीची प्रभावळ आणि देवांचे टाक चोरीला गेले होते, आणि चोर कोण तेही फोन करणाऱ्यालाच ठाऊक होतं. पोलिसांनी फक्त येऊन घेऊन जायचं, असा एकूण सूर होता.

बंगल्याचे मालक परदेशात. घर, बाग, गडमुडशिंगीकडची शेती, नोकरचाकर हे सगळं सांभाळायला त्यांनी मुंबईच्या एका कंपनीला नेमलं होतं. कंपनीचा मॅनेजर बंगल्यातच राहायचा. हॉटेलात शिकलेला, कडक इस्त्रीचा, बोलण्यात वाकबगार. माळी, ड्रायव्हर, स्वयंपाकीण सगळ्यांना त्याने गणवेश दिले होते. "पूर्वी इथे सगळा गोंधळ होता. आता प्रत्येक किल्ली माझ्याकडे असते," त्याने मला अभिमानाने सांगितलं.

त्याचा संशय स्वयंपाकीणबाईंवर होता. नेसरीकडच्या या विधवा बाई आउटहाउसमध्ये राहायच्या. मालकांच्या आईच्या काळापासून घरात होत्या, देवाचा दिवाही त्याच लावायच्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. आम्ही पोचायच्या आधीच मॅनेजरने त्यांच्या खोलीची झडती घेऊन बाहेरून स्वतःचं कुलूप ठोकलं होतं. झडतीचा अधिकार याला कुणी दिला? मी विचारलं तर म्हणतो, "आमच्या कंपनीची पद्धत आहे."

शेजारपाजारचे गेटवर जमले होते. त्यांच्यादेखत मावशींना जीपमध्ये बसावं लागलं. परक्याच्या स्वयंपाकघरात पोट भरणाऱ्या बाईवर एकदा चोरीचा आळ आला की गावात कुठलंच दार उघडत नाही. अटक दाखवली असती तर बाईंचा कायमचा निकाल लागला असता.

ठाण्यात महिला कॉन्स्टेबलला शेजारी बसवून मी विचारपूस सुरू केली. मावशी रडत नव्हत्या, धुमसत होत्या. फिर्यादीतला मजकूर मी वाचून दाखवला: कंपनीच्या पद्धतीप्रमाणे दर शुक्रवारी घरातली चांदी पॉलिश होते, या शुक्रवारी मावशींनी देव घासायला म्हणून स्वयंपाकघरात नेले, मॅनेजरने ते स्वतः पाहिलं, आणि त्यानंतर वस्तू दिसल्या नाहीत.

मावशी ताडकन उठल्या. "शुक्रवारी? साहेब, देव बसल्यात न्हवं! घट उठल्याबिगर बसल्या देवाला हात लावतंय व्हय कोण? चोर म्हणा की मला, पर असली येडी म्हणू नगा!"

लिहिता लिहिता हवालदार थांबला. महिला कॉन्स्टेबल माझ्याकडे बघायला लागली. घटस्थापनेला देव विड्याच्या पानांवर मांडले की घट उठेपर्यंत ते जागचे हलवायचे नाहीत, आंघोळही घालायची नाही, ही आमच्याकडे घरोघरची पद्धत. चोरी करायची असली तरी या दिवसांत कुणी देव उघडपणे घासायला काढणार नाही. मॅनेजरने खोटं रचताना आपलं शुक्रवारचं वेळापत्रक तेवढं वापरलं होतं. नवरात्र त्याच्या वेळापत्रकात नव्हतं.

त्याला बोलावून घेतलं, चहा दिला, आणि बोलू दिलं. खोटं बोलणाऱ्याला अडवायचं नसतं.

"देव घासताना तुम्ही पाहिलंत?"

"समोर उभा होतो. चिंच लावून घासत होती."

"आणि मधला घट?"

"तो तिने उचलून बाजूला ठेवला. नंतर परत मांडला."

त्याला घेऊन तसाच बंगल्यावर गेलो. घटातलं धान चांगलं वीतभर उगवलं होतं आणि त्याची मुळं खालच्या पत्रावळीतून पाटापर्यंत चिकटली होती. तो घट कुणी उचललाच नव्हता. मॅनेजरला घटासमोर उभं केलं आणि म्हटलं, "आता उचलून दाखवा." त्याने हात पुढे केला आणि मुळं पाहून मागे घेतला.

मग किल्ल्यांवर आलो. प्रत्येक किल्ली माझ्याकडे, हे त्याचंच वाक्य; मग कुलूपबंद घरातून वस्तू गेल्या कशा, याचा जाबही त्यानेच द्यायचा होता. दुपारपर्यंत तो मोडला. दोन पंच बोलावून निवेदन नोंदवलं. जनरेटरच्या खोलीत जुन्या बॅटरीच्या खोक्यातून त्याने स्वतःच्या हाताने सगळा माल काढून दिला.

खरा संताप पुढेच आहे. मालक आले. कोर्टाच्या हुकमाने मुद्देमाल ताब्यात घ्यायला ठाण्यात बसले. टाक कपाळाला लावले. प्रभावळ उजेडात धरून बारकाईने पाहिली आणि एक ओरखडा दिसला म्हणून माझ्याकडे नाराजी व्यक्त केली. जबाबावर सही करायला बोलावलेल्या मावशी तिथेच, भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्याकडे मालकांनी पाहिलंसुद्धा नाही.

न राहवून मी म्हटलं, "या बाईंचं काय?"

"अवघड आहे हो," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर पोलीस घेऊन गेले ना तिला. कंपनी आता दुसरा माणूस पाठवते आहे, त्याला काय सांगणार?"

"पोलिसांना बोलावलं कुणी?" माझा आवाज चढला.

मावशीच मध्ये पडल्या. "ऱ्हाऊ द्या साहेब. मला न्हाय जायाचं तिथं. माझी पेटी तेवढी कुलपात हाय, ती द्यायला सांगा."

मी स्वतः जीप घेऊन गेलो. पेटी काढून दिली, आणि तीही मागच्या दाराने नव्हे, मोठ्या गेटमधून, शेजाऱ्यांना हाका मारून, "चोर मॅनेजर होता, या बाई नव्हेत" असं मोठ्याने सांगून. वरिष्ठांकडे माझी तक्रार गेली. जाऊ दे म्हटलं.

मावशी नेसरीला परत गेल्या. चोर शोधायला माझ्याकडे कायदा होता, पंच होते, कोर्ट होतं. एका बाईचं गेलेलं नाव परत द्यायला मात्र गेटवर उभं राहून ओरडण्यापलीकडे काहीच नव्हतं. त्यानंतर घरातल्या चोरीची फिर्याद आली आणि कुणी पहिल्याच वाक्यात नोकराचं नाव घेतलं, की मी आधी त्या नाव घेणाऱ्यालाच समोर बसवत असे.