ताडपत्रीखालची गाडी

जुन्या टेम्पोत मी झोपण्यापुरतं घर केलं. टपावर सोलर पॅनल बसवलं, वायरिंगही स्वतः केलं. बॅटरीवर पंखा फिरला तेव्हा आई म्हणाली, "एकदा मुरुडला ने, समुद्राजवळ राहू." मी म्हटलं, पावसाळा संपू दे.

मे महिन्याच्या शेवटी आम्ही लाकडं झाकतो तशी आख्खी गाडी मी ताडपत्रीने झाकली, पॅनलसकट. पॅनलची वीज बॅटरीत भरणारा आतला कंट्रोलर मात्र ऊन नसतानाही चालूच राहिला, बॅटरी खात. चार महिन्यांनी पाहिलं तर ती कायमची बसलेली. शिकलेल्या माणसाला एवढं कळू नये.

नवी बॅटरी आणायला दिवाळी उजाडली. पंखा पुन्हा फिरला. आईला हाक मारली. ती गुडघा धरत अंगणात आली, गाडीच्या पायरीकडे बघत राहिली.

"मला आता चढवत नाय रे. तू जाऊन ये."